फुकट शिक्षण : घ्यावे कसे?

व्यापारी व कारागीर बंधूंनो, अमरावती-अकोल्याच्या कापड बाजारात आम्ही धंदा गादीवर बसून शिकलो. पण जीएसटीचे विवरणपत्र दुसऱ्याकडून भरून घ्यायचे आणि ते आपल्याला वाचताही येऊ नये, हे कुठवर चालणार?

केंद्र सरकारने ९ जुलै २०१७ रोजी 'स्वयम्' ही इंटरनेटवरील शिक्षणाची सोय सुरू केली. तिथे हिशेबशास्त्र आहे, दिल्लीच्या आयआयटीच्या प्राध्यापकांचे वस्त्रोद्योगावरील पाठही आहेत. ऐकणे, वाचणे, चाचणी देणे, शंका विचारणे सारे मोफत. प्रमाणपत्र हवे असेल तरच फी भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते.

अडचणी दोन. पहिली भाषेची : बहुतेक पाठ इंग्रजीत, आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांना अवघडच. दुसरी चिकाटीची : जगभर असे पाठ सुरू करणारे बहुतेक जण अर्ध्यावर सोडतात. हजेरी घेणारे कोणी नसते आणि फुकटच्या मालाची कदर राहत नाही.

उपाय आपल्या हाती आहे. चार दुकानदारांनी मिळून एकच विषय निवडावा, इशाच्या नमाजनंतर अर्धा तास एकत्र बसावे. कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने इंग्रजीचा अर्थ सांगावा, आपण धंद्यातले उदाहरण द्यावे. सनदेचे नंतर पाहू, आधी एक विषय शेवटपर्यंत नेऊ.