मधल्या फळीच्या नायकांचं करायचं काय?

प्रश्न : ‘एएफके अरीना’मध्ये निळ्या रंगाच्या रेअर नायकांची गर्दी झाली आहे. ते वाढवावेत, की मोडीत काढावेत?

उत्तर : दोन्ही नको. लिलिथ गेम्सच्या या खेळात रेअर दर्जावर मिळणारे होगन, मिराएलसारखे नायक लेजंडरी प्लसपर्यंतच चढतात. असेन्डेड दर्जा त्यांना कायमचा बंद असतो. सुरुवातीच्या टप्प्यांत ते संघ तारून नेतात. पुढे मात्र त्यांचा खरा उपयोग खतासारखा.

कारण बढतीच्या हिशेबात आहे. एखादा एलिट प्लस नायक लेजंडरी करताना त्याच गटाचे आणखी दोन एलिट प्लस नायक खर्ची पडतात. त्या जागी असेन्डेडपर्यंत चढू शकणाऱ्या नायकाच्या प्रती घालणं म्हणजे तोटाच. तिथे होगनसारखे गडी कामी येतात. त्यामुळे लाइटबेअरर, मॉलर, वाइल्डर, ग्रेव्हबॉर्न या चारही गटांचा साठा वेगवेगळा मोजावा.

हिरवे कॉमन नायक मात्र खुशाल निवृत्त करावेत.

पातळी वाढवण्याचं साहित्य मोजक्या पाच नायकांवरच लावावं. रेझोनेटिंग क्रिस्टलमध्ये ठेवलेले बाकीचे नायक त्या पाचांतल्या सर्वांत खालच्या पातळीला आपोआप पोहोचतात. मधल्या फळीतल्या एखाद्यावर आधीच खर्च झाला असेल, तर रिसेट करून साहित्य परत मिळवता येतं.