खदानीचं पाणी पिण्याआधी

कोळसा काढायचा तर खदानीत साचणारं पाणी रात्रंदिवस उपसावंच लागतं. चंद्रपूर-वणी पट्ट्यात हे पाणी शुद्ध करण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी हे अनुभवाचे बोल.

1. डोळ्यांवर विसंबू नका.
पहिल्याच आठवड्यात संपमधून, म्हणजे खदानीत पाणी साचण्याच्या खड्ड्यातून, काचेची बाटली भरून आणली. पाणी नितळ होतं. सकाळी पाहतो तर तळाशी विटकरी गाळ आणि काचेवर तांबूस थर. विरघळलेलं लोह हवा लागेपर्यंत दिसत नाही. सल्फेट, नायट्रेट आणि फ्लोराइड तर कधीच दिसत नाहीत.

2. पाण्याचा उगम समजून घ्या.
कोळशासोबत पायराइट हे लोह-गंधकाचं खनिज असतं. त्याला हवा-पाणी लागलं की गंधकाम्ल तयार होतं आणि धातू विरघळू लागतात. खडकात चुन्याचा अंश असेल तर आम्ल तिथेच मरतं, पण पाणी जड होतं. सुरुंगाच्या दारूतून नायट्रेट उतरतं. शेजारच्या खदानीचं गणित म्हणूनच आपल्याकडे चालत नाही. पावसाळ्यात आणि मे महिन्यात तर एकाच खदानीचं पाणीही बदलतं.

3. वापर आधी ठरवा.
रस्त्यावरची धूळ बसवायला गाळ खाली बसलेलं पाणी पुरतं. वीज केंद्राच्या कूलिंग टॉवरसाठी जडपणा कमी करावा लागतो आणि बॉयलरला क्षारमुक्त पाणी लागतं. पिण्यासाठी आयएस 10500 हे मानक आहे: विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत, दुसरा स्रोतच नसेल तर 2000. नायट्रेटला मात्र 45 च्या वर सवलत नाही. धुळीवर मारायचं पाणी पिण्याइतकं शुद्ध करणं म्हणजे वीज आणि पैसा मातीत घालणं.

4. चुना अंदाजाने टाकू नका.
आम्ल मारून धातू खाली बसवायला पाण्यात चुना घालतात. किती घालायचा ते ठरवायला रोज सकाळी सहा बीकरमध्ये वेगवेगळी मात्रा घालून पाहा. लोह साधारण आठ पीएचला बसतं. मँगनीजसाठी बहुधा साडेनऊच्या वर जावं लागतं आणि नंतर पीएच परत खाली आणावा लागतो. एका ठिकाणी मँगनीज राहून गेलं, तेव्हा वसाहतीत धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काळपट डाग पडले. बायकांनी ते कपडे आमच्यासमोर आणून धरले. प्रयोगशाळेच्या आधी त्यांनी चूक पकडली होती.

5. आरओच्या आधीचं काम सांभाळा.
घाईघाईत सुरू केलेल्या एका यंत्रणेत कॅल्शियम आणि सल्फेटचा विचारच झाला नव्हता. क्षार अडवणाऱ्या पडद्यांवर, म्हणजे मेम्ब्रेनवर, या दोघांपासून बनणाऱ्या जिप्समचा थर बसला. आम्लाने धुऊनही तो निघेना. शेवटी सगळी मेम्ब्रेनं फेकावी लागली.

6. उरलेल्याची सोय पहिल्या दिवशी करा.
आरओचं खारं पाणी आणि चुन्याचा गाळ नाल्यात सोडला तर आपण प्रदूषण फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी नेलं. दक्षिण आफ्रिकेतल्या एमालाह्लेनी इथे 2007 पासून कोळसा खाणींचं आम्लयुक्त पाणी शुद्ध करून शहराला पिण्यासाठी दिलं जातं. सुरुवातीची क्षमता रोज अडीच कोटी लिटर होती. तिथे निघणारं जिप्सम बांधकामासाठी वापरून पाहिलं गेलं.

7. पहिला घोट आपण घ्या.
नागपूरजवळच्या पाटणसावंगी खदानीचं पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटलीबंद झालं. तरी गावात विश्वास आपोआप येत नाही. आम्ही शुद्ध केलेल्या पाण्याचा नळ एका गावात सुरू झाला त्या दिवशी एका आजींनी विचारलं, “साहेब, खदानीचं पानी तुमी तरी पेता काय?” मी तिथेच पेला भरून प्यायलो. आजींनी मान हलवली, पण त्या दिवशी घागर भरली नाही. पुढे दर महिन्याचा तपासणी अहवाल आम्ही मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावू लागलो. तेव्हा कुठे नळावर घागरी दिसू लागल्या.

तुमच्या गावाला असं पाणी मिळत असेल तर तो अहवाल मागा. तो तुमचा हक्क आहे.