बाटलीतला जिन आणि वर्गातले मूल

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षणविषयक काही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे आपल्या वसतिगृहातील मुले उभी राहिली. कोणाचे वडील आखाती देशांत नोकरीस आहेत, कोणाची आई हयात नाही, कोणाच्या गावी शाळा चौथीपर्यंतच. अशांपैकी एखादे मूल वह्या फाडते, खोटे बोलते, अगर महिनोन्महिने गप्पच राहते. ‘वळण नाही’ एवढे म्हणून आपण मोकळे होतो. मुलाच्या अशा वागण्याला काही अर्थ असतो काय, आणि असल्यास तो ओळखावा कसा, याचा विचार मनोविश्लेषण या शास्त्राने केला आहे. त्यातले घ्यावे काय आणि टाकावे काय, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

या शास्त्राचे जनक सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) हे व्हिएन्ना शहरातील डॉक्टर. माणसाच्या मनाचा मोठा भाग त्याला स्वतःलाच ठाऊक नसतो. जी इच्छा किंवा जी भीती उघड बोलता येत नाही, ती स्वप्नात, बोलण्यातील चुकीत किंवा दुखण्यात वेष पालटून बाहेर येते, असे त्यांचे म्हणणे. स्वप्नांवरील त्यांच्या ग्रंथावर १९०० हे साल आहे. त्याच ग्रंथात त्यांनी सोफोक्लीझच्या ईडिपस राजाचा आणि शेक्सपिअरच्या हॅम्लेटचाही विचार केला. म्हणजे दुखावलेल्या मनाचा अभ्यास आणि साहित्याचा अभ्यास या शास्त्रात आरंभापासून जोडीनेच चालत आला आहे.

लहान मुलाच्या मनाचा फ्रॉइड यांनी केलेला प्रसिद्ध अभ्यास १९०९ सालचा. व्हिएन्नामधील पाच वर्षांचा एक मुलगा घोड्यांना भिऊन रस्त्यावर जाईनासा झाला. घोडा चावेल असे त्याला वाटे. गाडीचा एक घोडा रस्त्यात कोसळलेलाही त्याने पाहिला होता. उपचार मुलाच्या वडिलांनीच केला. ते फ्रॉइड यांना सारे लिहून कळवीत. त्या काळात फ्रॉइड यांनी मुलाला एकदाच भेटून पाहिले. घोडा म्हणजे वडील, आईवर आपला एकट्याचा हक्क असावा या इच्छेपोटी मुलाला वडिलांचे भय वाटते, असा अर्थ त्यांनी लावला. हा मुलगा पुढे संगीतनाट्याचा नामवंत दिग्दर्शक झाला.

त्याच हकिकतीचा दुसरा अर्थ लंडनचे मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९७३ साली मांडला. घोड्यांचे भय सुरू होण्याआधी ते मूल एकदा झोपेतून रडत उठले होते; आई निघून गेली, असे त्याला वाटले होते. ‘मी सोडून जाईन’ असा धाकही आई घालीत असे. तेव्हा मुळातले भय घोड्याचे नव्हे, वडिलांचेही नव्हे. आई आपल्याला टाकून जाईल, हे ते भय, असे बोल्बी म्हणाले. हकिकत तीच, अर्थ मात्र दोन. हे आरंभीच ध्यानात ठेवलेले बरे. कारण अर्थ लावणारा शहाणा असला तरी तो चुकू शकतो.

बोल्बी यांना हे सुचले त्यामागे पुष्कळ वर्षांचे काम होते. चोरी करणाऱ्या ४४ मुलांचा त्यांचा अभ्यास १९४४ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १४ मुले अशी होती की, त्यांना कोणाचीच माया उरली नव्हती. आणि त्या १४ पैकी १२ मुले लहानपणी दीर्घकाळ आईपासून दूर राहिलेली होती. उरलेल्या ३० मुलांत अशी पाचच निघाली. हा अभ्यास लहान होता. नुसत्या ताटातुटीइतकेच घरातील कलहही मुलाला बाधतात, आणि आईखेरीज इतर मायेची माणसेही मुलाला सावरू शकतात, हे मायकेल रटर यांनी १९७२ साली दाखवून दिले. वसतिगृह चालविणाऱ्यांस ही मोठीच धीराची गोष्ट होय.

आता साहित्याकडे वळू. ‘अलिफ लैला’मधील कोळ्याची गोष्ट आम्ही लहानपणी घरात ऐकली आणि पुढे मराठीत वाचली. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी या कथा मराठीत आणावयास घेतल्या, तेव्हापासून त्या मराठी घरांच्याही झाल्या आहेत. कोळ्याच्या जाळ्यात तांब्याची बाटली येते. हजरत सुलेमानांनी तीत कोंडून समुद्रात टाकलेला जिन बाहेर पडतो आणि सोडविणाऱ्या कोळ्यालाच ठार मारावयास निघतो. कारण काय? पहिली शंभर वर्षे तो मनाशी म्हणे, ‘जो सोडवील त्याला श्रीमंत करीन.’ पुढील शतकांत बक्षीस वाढत गेले. कोणी आले नाही. मग त्याने शपथ घेतली की, आता जो सोडवील त्याचा प्राण घेईन.

लहानपणी आम्हांस हा जिन निव्वळ दुष्ट वाटे. ब्रूनो बेटेलहाइम यांनी परीकथांवरील आपल्या १९७६ सालच्या ग्रंथात या गोष्टीचा जो अर्थ लावला आहे, तो वाचून आम्ही थबकलो. टाकून गेलेल्या मुलाचे मन असेच चालते, असे ते म्हणतात. प्रथम मूल म्हणते, आईबाप आले की मी किती आनंदेन. दिवस लोटतात, तसा आनंदाचा राग होतो. आणि ती माणसे प्रत्यक्ष येतात तेव्हा त्यांच्या वाट्याला तो रागच येतो. असे वाटणारे आपण एकटेच नाही, ही खात्री मुलाला गोष्टीतून कोणी न सांगता मिळते.

हे आम्ही वाचले त्याच्या थोडे आधीची गोष्ट. आमच्या वर्गातील एका मुलाचे आईवडील धाकट्या बहिणीला घेऊन परदेशी गेले होते. मुलाला शिक्षणासाठी वसतिगृहात ठेवले होते. दोन वर्षांनी ते खेळणी घेऊन भेटावयास आले, तेव्हा हा मुलगा बोलेना. आणलेली मोटार त्याने पायाखाली तुडविली. आई रडू लागली. आम्ही सर्वांदेखत त्याला ‘कृतघ्न’ म्हटले. त्या शब्दाची आम्हांस आजही लाज वाटते.

पुढे एका शनिवारी वर्गात आम्ही कोळ्याची गोष्ट सांगितली. तात्पर्य सांगितले नाही. इतर मुलांनी बाटलीचा आकार विचारला, जिनाची उंची विचारली. या मुलाने विचारले, “सर, कोळी पहिल्या शंभर वर्षांतच का नाही आला?” आम्ही म्हणालो, “यायला हवा होता, बाळ.” तो खाली बसला. यानंतर तो एकदम सुधारला असे नव्हे. पण ‘ती गोष्ट पुन्हा सांगा’ म्हणून तो मागे लागे, आणि वह्या फाडणे पुढे कमी झाले.

आता या शास्त्राची दुसरी बाजू. हेच बेटेलहाइम नाझींच्या छळछावण्यांतून सुटून अमेरिकेत गेलेले. शिकागो विद्यापीठाची मनोविकारग्रस्त मुलांची निवासी शाळा त्यांनी १९४४ ते १९७३ अशी चालविली. १९६७ सालच्या एका ग्रंथात, आपल्याच विश्वात राहणाऱ्या, न बोलणाऱ्या स्वमग्न मुलांच्या या अवस्थेला त्यांनी आईबापांचा, विशेषतः आईचा, थंडपणा कारण ठरविला. हे मत साफ चुकीचे निघाले. १९७७ साली सुसान फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी २१ जुळ्या जोड्या अभ्यासून दाखविले की, स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा मोठा भाग आहे. पण तोपर्यंत कित्येक माता न केलेल्या अपराधाचे ओझे वाहत होत्या. १९९० साली बेटेलहाइम वारल्यावर, ते मुलांना मारीत व अपमानित करीत, असे त्यांच्या शाळेतील काही माजी विद्यार्थ्यांनी सांगितले. इतर काहींनी कृतज्ञताही व्यक्त केली.

जिनाचा राग ज्याला इतका नेमका कळला, त्याने मातांवर असा न्यायनिवाडा कसा केला? आमच्या मते उत्तर असे. गोष्ट वाचताना ते मुलाच्या बाजूस बसून ऐकत होते. आईबापांविषयी लिहिताना ते न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसले. अर्थ लावण्याची विद्या ऐकण्यासाठी वापरली तर औषध, निकाल देण्यासाठी वापरली तर विष.

म्हणून पालकांस व वसतिगृहाच्या गृहपालांस आमच्या चार विनंत्या आहेत. पहिली, भेटीचा व फोनचा वार मुलाला आधी सांगावा आणि तो पाळावा. पाळता येत नसेल तर सांगू नये. दुसरी, भेटीत मूल रागावले तर त्याला कृतघ्न म्हणू नये. ज्याची वाट पाहिली त्याच्यावरच राग येतो. तिसरी, गोष्टी भरपूर सांगाव्यात. शेवटी ‘यावरून काय शिकलात’ हे दर वेळी विचारू नये. चौथी, मूल वयाच्या मानाने बोलत नसेल, नजर देत नसेल, तर आईला दोष न देता बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे. शिक्षकाने वैद्य होऊ नये.

कोळ्याची गोष्ट मारण्याच्या शपथेवर संपत नाही. एवढा मोठा तू या बाटलीत मावलास तरी कसा, असे म्हणून कोळी जिनाला पुन्हा आत घालतो आणि बूच लावतो. मग दोघांचे बोलणे होते. जिन वचन देतो, कोळी त्याला पुन्हा सोडतो, आणि तोच जिन त्याला रंगीबेरंगी माशांचे तळे दाखवितो. रागाला आधी बांध घालावा लागतो, हे खरे. मुलाला मोडतोड करू देणे म्हणजे माया नव्हे. पण बूच लावून कोळी निघून गेला नाही. तो बाटलीजवळ बसला आणि बोलत राहिला. पन्नास वर्षे परक्यांची मुले आपली म्हणून सांभाळणाऱ्या या संस्थेच्या माणसांस याहून अधिक काय सांगावे?