कोबोलमधील ‘डिलीट’ : नेमकी कोणाची नोंद पुसली जाते?

कोबोलमध्ये ‘राइट’पुढे नोंदीचे नाव येते, पण ‘डिलीट’पुढे येते फाइलचे नाव. मग फाइलीतील इतक्या नोंदींपैकी जाते ती कोणती? हा प्रश्न मला १९८९ साली एका पतसंस्थेत चांगलाच महागात पडला.

खातेक्रमांक ही ‘रेकॉर्ड की’ असलेली इंडेक्स्ड फाइल होती. नोंद पुसायची तर अशी फाइल ‘आय-ओ’मध्ये उघडावी लागते. ॲक्सेस सिक्वेन्शियल असेल तर काम सोपे. नुकतीच वाचलेली नोंद जाते. रँडम वा डायनॅमिक ॲक्सेसमध्ये मात्र शेवटी काय वाचले याला किंमत नाही. त्या क्षणी की-च्या जागेत जो क्रमांक असेल, त्याची नोंद जाते.

माझा ॲक्सेस डायनॅमिक होता. ‘रीड नेक्स्ट’ने एकेक खाते वाचायचे आणि बंद झालेले असेल ते पुसायचे. व्यवस्थापक म्हणाले, “खातेदाराला ओळख देणाऱ्याचे नावही यादीत छापा.” मी ओळख देणाऱ्याचा क्रमांक की-मध्ये घालून त्याची नोंद वाचली, नाव छापले आणि डिलीट दिले. बंद खाते जागच्या जागी राहिले, ओळख देणारा गेला! फाइल स्टेटस मात्र ‘००’, म्हणजे सर्व ठीक.

पुढची गंमत पाहा. ओळख देणारा जुना खातेदार, त्याचा क्रमांक लहान. त्या रँडम वाचनाने फाइलीतील आमची जागाही मागे सरकली. ‘रीड नेक्स्ट’ तेथून पुन्हा चालू लागले, त्याच बंद खात्यापाशी आले, आणि आता ओळख देणारा सापडेना. स्टेटस ‘२३’, प्रोग्राम थांबला. मी शहाणा! कारकुनाने क्रमांक चुकीचा टाइप केला असे सांगून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी भाजी विकणाऱ्या एक मावशी पासबुक घेऊन खिडकीशी उभ्या. “माझं खातंच नाही म्हणतात हो!” क्रमांक पाहताच माझे हातपाय गार पडले.

उपाय तसा लहान आहे. मूळ क्रमांक वर्किंग-स्टोरेजमध्ये जपून ठेवावा. दुसरी नोंद वाचून झाल्यावर तो की-मध्ये परत घालून मूळ नोंद पुन्हा वाचावी, आणि मगच डिलीट द्यावे. त्यामुळे की-ही जुळते आणि फाइलीतील जागाही.

मावशींची नोंद आदल्या दिवशीच्या फ्लॉपीवरून परत घातली, पासबुकाशी पै न् पै ताडून पाहिली. कारकुनाची क्षमा मागायला मात्र मला आणखी दोन दिवस लागले.