जुळ्यांसाठी दवाखान्यात मुक्काम: हैदराबादेत बिल कसे चढते

पोटात जुळी किंवा तिळी आहेत म्हटल्यावर सातव्या महिन्याच्या आसपास डॉक्टर कधीतरी म्हणतात, "आता अ‍ॅडमिटच व्हा." घरचे लगेच डिपॉझिट भरायला काउंटरवर धावतात. त्याआधी एक गोष्ट विचारून घ्यावी: भरती नेमकी कशासाठी?

नुसते पडून राहण्यासाठी असेल, तर पैसे वाया जाण्याची शक्यता मोठी. जुळ्यांच्या आईला सरसकट दवाखान्यात झोपवून ठेवल्याने मुदतपूर्व बाळंतपण टळते, असे कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात दिसलेले नाही. उलट सतत पडून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो, स्नायूही अशक्त होतात. सासूबाईंना हे पटवणे अवघड आहे, पण विश्रांतीच घ्यायची तर घरची गादी फुकट आहे.

दवाखान्यात पैसे मोजायचे ते देखरेखीचे आणि उपचाराचे. रक्तदाब चढलाय, रक्तस्राव होतोय, अवेळी कळा येताहेत, एकाच वारेवरच्या जुळ्यांत एकाचे रक्त दुसऱ्याकडे जातेय, किंवा दोन्ही बाळे एकाच पिशवीत असून नाळांचा गुंता होण्याची भीती आहे, अशा वेळी भरती टाळू नये. एकाच पिशवीतल्या जुळ्यांना तर अनेकदा आठवडेच्या आठवडे ठेवून घेतात आणि साधारण ३२ ते ३४ आठवड्यांत सिझेरियन करतात. म्हणजे महिनाभराचा हिशेब आधीच मांडायला हवा.

हिशेब खोलीपासून सुरू होतो. दिवसाला ५,००० रुपयांपेक्षा जास्त भाड्याच्या खोलीवर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी लागतो, अतिदक्षता विभागाला नाही. समजा, खोली ६,००० ची आहे: ३० दिवसांचे १,८०,००० आणि वर कराचे ९,०००. तीच खोली ४,९०० ची घेतली तर १,४७,००० आणि कर शून्य. डॉक्टरांची व्हिजिट, नर्सिंग, औषधे यात धरलेली नाहीत. कित्येक ठिकाणी खोलीचा वर्ग चढला की व्हिजिटचा दरही चढतो, म्हणून दरपत्रक वर्गवार मागावे.

बिलातली एनएसटीची, म्हणजे बाळांच्या ठोक्यांच्या तपासणीची, ओळ नीट पाहा. जुळ्यांच्या आईच्या पोटावर ठोके ऐकणारे दोन सेन्सर पट्ट्यांनी बांधतात, कागदावर दोन रेघा उमटतात. दिवसातून किती वेळा करणार, आकार एका वेळचा की बाळागणिक, की पॅकेजमध्येच धरलाय, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. बाळांची फुप्फुसे पक्की व्हावीत म्हणून आईला देतात ते डेक्सामेथासोन मात्र अगदी स्वस्त औषध आहे. हातमोजे, डायपर असल्या किरकोळ वस्तू 'नॉन-मेडिकल' म्हणून विम्यातून वगळल्या जातात आणि महिनाभरात त्यांचीही रक्कम डोळ्यांत भरते. सोबतच्या माणसाचे जेवण वेगळेच. हैदराबादेत गल्लोगल्ली करी पॉइंट आहेत. खोलीवर भात शिजवून भाजी आणि पप्पूची (वरणाची) पाकिटे आणली की कॅन्टीनपेक्षा बरेच स्वस्तात भागते.

विम्यात खरी ठेच पुढे लागते. पॉलिसीच्या प्रमाणित अपवादांत क्रमांक ०४ म्हणतो, फक्त तपासणीसाठी भरती असेल तर पैसे नाहीत. ०५ म्हणतो, उपचाराविना सक्तीच्या विश्रांतीसाठी भरती असेल तरी नाहीत. भरतीच्या कागदावर नुसते 'बेड रेस्ट' लिहून गेले, तर विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या टीपीएच्या हाती आयते कोलीत. डॉक्टरांनी खरे निदान, रोजची निरीक्षणे आणि चालू औषधे लिहिली आहेत ना, ते बघा. खोटे काही लिहवून घेऊ नये. खरे लिहायचे राहू देऊ नये, एवढेच. क्रमांक १८ बाळंतपणाचाच खर्च वगळतो. त्यासाठी वेगळे कव्हर लागते आणि वैयक्तिक पॉलिसीत त्याला बहुधा लांब प्रतीक्षाकाळ असतो. माधापूर-गच्चीबावलीत नोकरी असेल तर कंपनीच्या गट विम्यात ते सहसा असते, पण मर्यादेसह. एचआरला लेखी विचारा: गरोदरपणातली गुंतागुंत या मर्यादेत मोडते की मूळ विमा रकमेत? एका उत्तराने लाखांचा फरक पडतो.

पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा ५,००० असताना ८,००० ची खोली घेतली, तर फरक फक्त ३,००० चा राहत नाही. डॉक्टरांची फी वगैरेही ५/८ च मंजूर होते. ८०,००० च्या फीचे ५०,००० मिळतात.

सगळ्यांत मोठा आकडा बहुतेक वेळा आईचा नसतोच. बाळे लवकर आली तर एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) दोन खाटा आणि दोन स्वतंत्र बिले. दिवसाला १२,००० धरले तरी दोघांचे १४ दिवसांचे ३,३६,००० होतात. फुप्फुसांसाठी सर्फॅक्टंट लागले तर एकेक कुपी हजारोंची. नवजात बाळ विम्यात पहिल्या दिवसापासून धरतात का आणि नावनोंदणी किती दिवसांत करायची, हे आधीच विचारा. दवाखान्याला विचारा, दोन्ही बाळांना एकदम व्हेंटिलेटर लागला तर इथे सोय आहे का? जन्मानंतर बाळे दुसरीकडे हलवण्यापेक्षा आई आधीच योग्य ठिकाणी असलेली बरी.

सरकारी वाट विसरू नका. सुलतान बाजार आणि पेटलाबुर्जची प्रसूती रुग्णालये, सिकंदराबादचे गांधी आणि १९५३ पासूनचे निलोफर इथे गुंतागुंतीची बाळंतपणे रोजची आहेत. काचीगुड्यातल्या मराठी घरांना तर सुलतान बाजार पायाखालचेच. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त आणि आजारी अर्भकाचे उपचार मोफत आहेत. गर्दी असते, एकांत नसतो, हे धरून चला. तेलंगणाच्या आरोग्यश्रीची मर्यादा डिसेंबर २०२३ मध्ये १० लाख झाली, पण ती तिथल्या पात्र कुटुंबांसाठी. नांदेड-देगलूरहून येणाऱ्यांनी आयुष्मान कार्ड आणावे. ते दुसऱ्या राज्यातही चालते. मात्र आपल्या उपचाराचे पॅकेज त्या दवाखान्यात मिळते का, हे दवाखान्यातल्या योजनेच्या आरोग्यमित्राकडून भरतीपूर्वी कळले पाहिजे.

राहिला बुडणारा पगार. पहिल्याच खेपेला जुळी असली, तरी पात्र नोकरदार बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यातले ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. गरोदरपणातल्या आजारासाठी किंवा मुदतपूर्व बाळंतपणासाठी आणखी एक महिना मागता येतो, त्याला डॉक्टरांचा दाखला लागतो. भरती असतानाच तो शिक्क्यासह घेऊन ठेवा. ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) कार्ड असेल तर सनतनगरच्या त्यांच्या रुग्णालयात आधी नाव घाला. तिथे बिलाचा प्रश्नच येत नाही.