डेस्कटॉप गेम बनवायचाय? आधी लॅबचा संगणक बघा



मागच्या वर्षी नववीतल्या एका मुलाने व्हिडिओ बघून थ्रीडी गेम करायला घेतला. घरी काकाच्या लॅपटॉपवर चाललं, शाळेच्या लॅबमध्ये सॉफ्टवेअर उघडेचना. दोन आठवड्यांत त्याने नाद सोडला. चूक माझीच. संगणक न बघताच मी "कर" म्हणालो होतो.

गोडो 4 ला कमीत कमी ओपनजीएल 3.3 चालवणारं ग्राफिक्स लागतं. जुन्या लॅबमध्ये ते नसेल तर हट्ट धरू नका. तिथे पायगेम घ्या. त्यात साधी टूडी चित्रं मुख्यतः प्रोसेसरच काढतो, वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. मात्र लॅबमध्ये अजून विंडोज 7 असेल तर पायथन 3.8 च टाका, पुढच्या आवृत्त्या त्यावर चालत नाहीत.

मला पायगेम आवडतं त्याचं कारण मात्र वेगळं आहे. गेमचं चक्र मूल स्वतः लिहितं: कळ दाबली का बघा, चेंडूची जागा बदला, पडदा पुसा, चित्र काढा, पुन्हा पहिल्यापासून. पडदा पुसायचा राहिला की चेंडूमागे लांब शेपूट उमटतं. मुलं हसतात, आणि ती पायरी पुन्हा विसरत नाहीत.

दुसरी गंमत वेगाची. दर फेरीला चेंडू 5 पिक्सेल सरकवला, तर सेकंदाला 60 फेऱ्या मारणाऱ्या संगणकावर तो 300 पिक्सेल जातो आणि 30 फेऱ्यांच्या संगणकावर फक्त 150. म्हणजे एकच गेम दोन मशीनवर दोन वेगांनी! इथे विज्ञानातलं 'अंतर = वेग × वेळ' कामी येतं. मागच्या फेरीपासून किती वेळ गेला, त्याने वेगाला गुणायचं. गोडोतही हेच करावं लागतं, पण तिथे चक्र आयतं मिळतं.

मोठं मूल पुढे जाणार असेल तर साधन कोणाच्या हातात आहे तेही बघा. मायक्रोसॉफ्टने 2006 मध्ये आणलेलं एक्सएनए पुढे बंद केलं. त्यावर शिकलेल्यांना मोनोगेम हा मुक्तस्रोत वारस मिळाला म्हणून बरं. गोडो एमआयटी परवान्याखाली आहे, गेम विकला तरी कोणाला वाटा द्यावा लागत नाही.

त्या मुलाला मी आता पायगेममध्ये एक चेंडू आणि एक फळी एवढंच दिलंय. परवा विचारत होता, "सर, दोन चेंडू टाकू का?"