नवे काम आणि अंगची शक्ती



मनुष्याच्या अंगी कोणते सामर्थ्य आहे, हे नुसत्या विचाराने कळत नाही. ते कामात उतरल्यावरच प्रकट होते. जे काम कधी हाती घेतलेच नाही, त्याविषयी 'हे मला जमणार नाही' असे म्हणणे म्हणजे परीक्षेपूर्वीच निकाल लावणे होय. हाच न्याय मुलांनाही लागू आहे. एखाद्या मुलास आपण 'मंद' म्हणतो, तेव्हा आजवर दिलेल्या दोनचार कामांत ते मागे पडले, एवढेच खरे असते. न दिलेल्या कामांविषयी तो शेरा काहीच सांगत नाही.

आपल्या जिल्ह्यात या गोष्टीचे महत्त्व विशेष आहे. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर या भागांतील कित्येक मुलांची घरची भाषा पावरी, भिली, मावची किंवा कोकणी असते. शाळेतील मराठी त्यांस परकी वाटते व ती गप्प बसतात. कित्येक मुले आईबापांबरोबर ऊसतोडीस किंवा मजुरीस परगावी जातात व महिनेमहिने वर्गापासून दूर राहतात. अशा मुलाच्या मौनास बुद्धीचा अभाव समजले, तर ते स्वतःही तसेच समजू लागते आणि एके दिवशी शाळेत येईनासे होते. एका घाईच्या शेऱ्याची किंमत इतकी मोठी असते.

या संदर्भात महाराष्ट्रातीलच एक उदाहरण मननीय आहे. ताराबाई मोडक यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केले होते. 1945 साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी विवाह, आणि थोड्याच महिन्यांत वैधव्य, अशा स्थितीतून शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या. खेड्यातील बालशिक्षणाचा अनुभव त्यांच्या गाठीशी नव्हता. तो त्यांनी काम करता करताच मिळविला.

तेथे पुस्तकातील पद्धत जशीच्या तशी चालेना. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात भरविण्यात आली. तीच अंगणवाडी. 1975 साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने हे नाव देशभर पोहोचविले. माँटेसरी पद्धतीची साधने महाग होती, म्हणून खडे, शिंपले, बिया व पाने यांनी त्यांची जागा घेतली. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेले. तेथील मुले सकाळीच गुरे घेऊन रानात जात. तेव्हा शाळाच रानात नेण्यात आली व तिला 'कुरणशाळा' हे नाव मिळाले. गुरे चरत असता मुले शिकू लागली.

यातील मर्म ध्यानी घ्यावे. मुले तीच होती. बदलली ती जागा, वेळ व साधने. नवी वाट दिसताच, जी मुले शाळेच्या उपयोगाची नाहीत असे वाटत होते, तीच शिकती झाली. शिक्षिकांनाही आपल्या अंगची कल्पकता अशा अडचणीतूनच गवसली. ताराबाईंना 1962 साली पद्मभूषण व अनुताईंना 1985 साली पद्मश्री हा सन्मान लाभला. परंतु आरंभ झाला तो 'करून तर पाहू' या साध्या वृत्तीने.

आपल्या शाळेत पुढीलप्रमाणे प्रयत्न करता येईल.

1. आठवड्यातून एक तास नव्या कामासाठी राखून ठेवावा. चिंचोके वा मोहाच्या बिया घेऊन दहादहाचे गट करणे, बांबूच्या कांबीने अंगण मोजणे, पानांचे आकारावरून वर्गीकरण करणे, होळीच्या ढोलाचा ठेका मोजणे, घरच्या भाषेत गोष्ट सांगणे, अशी कामे विनाखर्च होतात.

2. ही संधी हुशार मुलांपुरती ठेवू नये. जे मूल कधी हात वर करीत नाही, त्याचीही पाळी अवश्य यावी.

3. एका प्रयत्नावरून अनुमान काढू नये. पहिल्या दिवशी भीती असते, दुसऱ्या दिवशी ओळख होते व पुढे खरी गती दिसते.

4. या तासास गुण देऊ नयेत. चुकलेल्या मुलास कोणी हसणार नाही, याची दक्षता घ्यावी. जेथे हसू होते तेथे कोणी नवे काही करून पाहत नाही.

5. प्रत्येक मुलासाठी वहीचे एक पान राखून 'आज यास काय जमले' एवढीच ओळ लिहावी. 'काय जमले नाही' हे लिहिण्याची सवय आपणांस आधीच आहे.

6. शिक्षकानेही मुलांकडून त्यांच्या भाषेतील शब्द रोज शिकावेत. गुरुजींचे उच्चार चुकतात व ते पुन्हा प्रयत्न करतात, हे पाहून मुलांस जो धीर येतो, तो उपदेशाने येत नाही.

प्रत्येक प्रयोग सफल होईलच असे नाही. काही मुलांचा कल एका कामाकडे नाही, एवढेच कळेल; तेही ज्ञानच होय, कारण मग दुसरे काम देऊन पाहता येते. रान, बियाणे, गुरे, नदी व ऋतू यांची जी ओळख आपल्या मुलांना उपजत वाटावी इतकी सहज आहे, तिला वर्गात वाव मिळाला पाहिजे. म्हणून कोणत्याही मुलाविषयी अखेरचा शेरा लिहिण्यापूर्वी शिक्षकाने स्वतःस एकच प्रश्न विचारावा : याला मी आजवर किती निरनिराळी कामे करून पाहू दिली?